दादरच्या पुलावर

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळची वेळ. दादरला मध्य रेल्वेतून उतरून मी पुलावरून पश्चिम रेल्वेच्या फलाटाकडे निघाले होते. जिन्याच्या कठड्याला टेकून पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, एक चप्पल पायातून निसटून खालच्या पायरीवर पडलेली. ती चप्पल ओलांडून मी पुढे गेले. दिसलं नाही, असं म्हणणार नाही. दिसलं, पोटात चर्र झालं, पण पाय चालतच राहिले. खाली गाडी लागत होती. गाडीत खिडकीही मिळाली, पण मनातून ती चप्पल जाईना. इतकी कोरडी मी कधी झाले?

मी मानसशास्त्र शिकवते. त्यामुळे दरवर्षी वर्गात सांगत असलेला एक प्रयोग त्या दिवशी नव्याने आठवला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी तो १९७३ साली प्रसिद्ध केला. प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्र शिकणाऱ्या, म्हणजे पुढे बहुधा धर्मोपदेशकच होणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी बोलावलं आणि शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायला सांगितलं. निम्म्यांचा विषय होता बायबलमधल्या भल्या शोमरोन्याची गोष्ट: वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची. वाटेवरच्या बोळात एक माणूस दारात कोसळल्यासारखा बसवलेला होता, खोकत, कण्हत. काही विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, अजून वेळ आहे. काहींना, आता निघायला हवं. आणि काहींना, उशीर झालाय, लवकर पळा.

वेळ हाताशी होता त्यांतले ६३ टक्के मदतीला थांबले. मधल्या गटातले ४५ टक्के. आणि उशीर झालेल्यांतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, याने म्हणावा तसा फरक पडला नाही. भल्या शोमरोन्यावर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला चक्क ओलांडून गेले.

या प्रयोगातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. न थांबलेले बरेच जण पलीकडे पोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते. म्हणजे त्यांना कणव नव्हती असं नाही. इकडे कुणीतरी वाट बघतंय, तिकडे कुणीतरी पडलंय, या ओढाताणीत ते सापडले होते. ऑफिसात लेटमार्क, घरी पाळणाघराची वेळ, अशा ओढाताणीत आपण मुंबईकर रोज पुलावर असतो.

त्यात गर्दी. डार्ली आणि बिब लाताने यांच्या १९६८च्या प्रयोगात वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या विद्यार्थ्यांना इंटरकॉमवर कुणालातरी फेफऱ्याचा झटका आल्याचं ऐकू येई. ऐकणारे आपण एकटेच, असं वाटत होतं तेव्हा ८५ टक्के जण तो झटका चालू असतानाच मदतीसाठी उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा ३१ टक्के. पुलावर तर आपल्यासोबत शेकडो असतात. ‘बघेल कुणीतरी’ हे प्रत्येकाच्या मनात येतं आणि बघत कुणीच नाही.

दुसरा न थांबता गेला की मात्र आपण पटकन म्हणतो, ‘काय माणुसकी उरली नाही!’ स्वतःच्या वेळी मात्र गाडी, साहेब, पाऊस, सगळं आठवतं. दुसऱ्याच्या वागण्यामागची परिस्थिती न बघता थेट त्याच्या स्वभावावर बोट ठेवायचं, या चुकीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर असं नाव दिलं. घरात सुनेबद्दल, शेजाऱ्याबद्दल, रिक्षावाल्याबद्दल आपण दिवसातून किती वेळा ती करतो, एकदा मोजून बघा.

मग दोष सगळा परिस्थितीचाच का? काही तत्त्वज्ञ असंच म्हणू लागले आहेत, की स्वभाव म्हणून आपण जे मानतो ते फार कच्चं असतं. मला हे पूर्ण पटत नाही. ॲरिस्टॉटल सांगून गेला की शूराची कामं करत करतच माणूस शूर होतो. सद्गुण सवयीने अंगी येतो. आणि सवय लागायची तर तिला थोडी जागा करून द्यावी लागते. म्हणून मी आता एक गाडी आधीची पकडते. तेवढी दहा मिनिटं माझी नाहीत, असं मी ठरवून टाकलंय.

या जानेवारीत त्याच पुलावर एक कॉलेजचा मुलगा चक्कर येऊन पडला. भोवती कोंडाळं झालं, मीही त्यात होते. माहीत असूनही क्षणभर नुसती उभीच. तेवढ्यात मागून एक मच्छीवाल्या मावशी आल्या. डोक्यावरची पाटी उतरवून त्यांनी कठड्याशी ठेवली आणि सरळ बोट दाखवलं: “ए निळ्या शर्टवाल्या, पाणी आण. तू रे, चष्मेवाल्या, पोलिसाला बोलाव खालून. आणि ताई, तू त्याचे पाय धर वर.”

निळा शर्टवाला धावला. चष्मेवाला जिना उतरायला लागला. मी पर्स खांद्यामागे टाकून खाली बसले आणि त्या मुलाचे पाय उचलून मांडीवर घेतले. खाली माझी गाडी आली आणि गेली.