चौक लिहिणाऱ्या सवासिनी

ठाण्यात उड्डाणपुलाच्या खांबांवर, शाळेच्या कुंपणभिंतीवर वारली चित्रं दिसतात. मधोमध तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा तारपेवाला, भोवती फेर धरलेली माणसं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर वाटोळं डोकं. या चित्रांची मूळ जागा मात्र घरातली भिंत. निमित्त लग्नाचं, आणि हात सवासिनींचे.

लग्नघराच्या भिंतीवरचं हे चौकोनी चित्र म्हणजे चौक. वारली बाया तो काढत नाहीत, ‘लिहितात’. आत बसते पालघाट देवी. तिचा चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न लावते तीही बाईच, धवलेरी. भटजी नाही, पोथी नाही. विधी पुढे सरकतो तो तिच्या गाण्यावर. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी-कोळी लग्नांतली धवलारीण हिचीच नात्यातली म्हणायची. शब्द जुना आहे: तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेनं लग्नगीतं रचली, तीही ‘धवळे’च.

आता भिंत बघा. कुडाची भिंत शेणमातीनं सारवायची, वर गेरूचा हात द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायची. गेरू ओला राहिला तर पांढरी रेघ त्यात मिसळून गुलाबी होते. तांदूळ भिजवून पाट्यावर गंधासारखे बारीक वाटायचे. रवाळ राहिले तर रेघ तुटते. पीठ पातळ झालं तर ओघळतं, दाट झालं तर वाळल्यावर तडकून पापुद्रे सुटतात. लागेल तेवढंच वाटायचं. उन्हाळ्यात उरलेलं दुसऱ्या दिवशी आंबतं. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेली.

ओली रेघ फिकी दिसते, वाळली की पांढरी उठते. नवखा माणूस इथेच फसतो: रंग लागलाच नाही असं वाटून तो पुन्हा गिरवतो आणि रेघ जाड करून ठेवतो.

सत्तरच्या दशकात हे चित्र कागदावर, कापडावर आलं. पीठ झडू नये म्हणून त्यात डिंक पडू लागला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ती योग्यच. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. कागदावर खाली सही आली आणि सही करणारे बहुतेक पुरुष होते. बाजारात तारपानृत्य खपलं. चौक मागे पडला, कारण तो धवलेरीच्या गाण्याशिवाय अर्धाच, आणि गाणं काही फ्रेममध्ये बसत नाही.

सवासिनींची नावं कुठे शोधायची? चौकावर सही नसते. त्यात डिंकही नसतो. पीठ झडत जातं, चुलीचा धूर बसतो आणि पुढच्या लग्नाआधी त्याच भिंतीवर पुन्हा शेणमातीचा हात फिरतो.