पाचव्या भागातली ती सोळा पानं

नमस्कार. विषय पत्रिकेत छापलाच आहे, रोमँटसी, म्हणजे प्रेमकथा अधिक फँटसी, अशा मालिकांचे पुढचे भाग एवढे जाडजूड का असतात, आणि वेळ मिळालाय वीस मिनिटं. आधी हात वर करा, ज्यांचा एखादा पाचवा-सहावा भाग अर्ध्यात पडलाय त्यांनी. बापरे! आता ज्यांना कुणीतरी "मधली शंभर पानं सोड गं, काही होत नाही त्यात" असं सांगितलंय त्यांनी. सगळेच की. आणि मागच्या ताई, तुम्ही अजून तिसऱ्या भागावर आहात म्हणालात ना, निवांत बसा, कुठलाही शेवट फोडणार नाही.

मला त्या "सोड गं"वरच बोलायचंय. दोन वर्षं वाट बघून एका मालिकेचा पाचवा भाग मागवला होता, आठशे पानं. नाव घेत नाही, निम्म्या लोकांचं वाचायचं राहिलं असेल. आता पाचवा भाग आला म्हणजे तो लगेच उघडता येत नाही, आधी मागचे चार चाळावे लागतात, कोण कुणाचा भाऊ, कुठल्या दरबाराचं कुणाशी वैर, शाप कुणी दिला आणि उःशाप काय, दोन वर्षांत सगळं पुसलं गेलेलं असतं. (पुढच्या भागात सुरुवातीला 'मागील भागात' अशी दोन पानं द्यायला काय जातं, हे मला खरंच कळत नाही. नकाशा देतात, वंशावळ देतात, मग हे का नाही?) त्यात आठवडा गेला. मग रोज रात्री तीसेक पानं.

चौदाव्या रात्री पान ४१६ संपलं. नायिका दाराशी उभी, हात कडीवर. पान उलटलं तर ती परत तंबूत झोपलेली, तोच पाऊस, तीच विझत आलेली शेकोटी, आदल्या रात्री वाचलेलं सगळं शब्द न् शब्द. मला वाटलं काळ मागे फिरला, या मालिकेत एकदा फिरलाही आहे, म्हणून दोन-तीन पानं मी नेटाने वाचली की कुठेतरी एखादा शब्द बदललेला असेल आणि तीच मेख असेल. मग खाली नंबर बघितला, ४०३. ४०१ ते ४१६ दोनदा, आणि त्यापुढे थेट ४३३. बाइंडिंगमध्ये सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला गठ्ठा, डबल लागला आणि पुढचा राहूनच गेला.

जिथून घेतलं त्यांना कळवलं. उत्तर आलं, बदलून मिळायची मुदत दहा दिवस, तुम्ही बाविसाव्या दिवशी सांगताय. मी लिहिलं, अहो, पान ४१७ नाहीये हे पान ४१६ वाचल्यावरच कळणार ना! परत तेच वाक्य. चार मेल, चार वेळा तेच वाक्य. अजून राग येतो मला. तुम्ही एक करा, जाड पुस्तक हातात आलं की पहिल्याच दिवशी खालचे नंबर भराभर बघून घ्या.

मग मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, बरंच झालं, त्यात काहीच होत नाही, दोघं रात्रभर खोगीर शिवत बसतात. ४३३ पासून घे." घेतलं. ४३३ वर नायिका नायकाकडे पाठ करून झोपलेली आहे. आता ही बाई चार भागांत कुणाकडेही पाठ करून झोपलेली नाही, भिंतीला टेकून, सुरा हातात धरून झोपणारी बाई! माझा विश्वासच बसेना. लढाई सुरू झाली, ड्रॅगन आले, माझं लक्ष तिथेच अडकलेलं.

शेवटी मैत्रिणीने त्या सोळा पानांचे फोटो पाठवले. खोगीरच शिवतायत, खरं आहे. दोऱ्याला मेण लावायचं, टोचा मारायचा, दोरा ओढायचा. पण हातमोजा घालून सुई धरता येत नाही, म्हणून पहिल्यांदा ती त्याच्यासमोर मोजा काढते, आणि भाजलेला हात दिसतो. तो बघतो. काही बोलत नाही, मेणाचा गोळा तिच्या बाजूला सरकवतो आणि पुढचा टाका घालतो. बस. "काहीच होत नाही" ते हे!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. अरे देवा. मग मूळ मुद्दा भरभर सांगते.

पहिले भाग चालतात ते "हे दोघं एकत्र येणार का" यावर. तो प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या भागात संपतो. त्यापुढे प्रश्न उरतो की एकत्र राहायचं कसं, आणि ते एका चुंबनात किंवा एका युद्धात दाखवता येत नाही, रोजचं तेच तेच करताना दाखवावं लागतं, त्याला पानं लागतात. डायना गॅबल्डनची 'आउटलँडर' बघा, पहिला भाग १९९१चा, नववा २०२१चा, आठव्यानंतर सात वर्षं थांबावं लागलं. लग्न पहिल्याच भागात होऊन जातं! पुढची जाडजूड पुस्तकं लग्नानंतरची, त्यात ते दोघं आजी-आजोबासुद्धा होतात.

दुसरं, सारा जे. मासचं २०२१चं 'अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स', सातशेच्या वर पानं. त्यात आधीच्या नायिकेची बहीण, नेस्टा, मध्यभागी येते, म्हणजे तिचं सगळं नव्याने उभं करायचं. ती राहते त्या उंचावरच्या घरातून खाली शहरात जाणाऱ्या त्या दहा हजार पायऱ्या आठवतात? उतरायला जाते, दमते, परत येते, परत जाते. कुणी म्हणेल एकदाच दाखवायचं. एकदाच दाखवलं असतं तर ती फक्त जिना उतरली असती.

सगळीच जाडी चांगली असते असं मी म्हणत नाहीये. तीच आठवण चार वेळा उगाळणं, पुढच्या भागाची सोय म्हणून आणलेले तीन नवे राजपुत्र, हे कापायलाच हवं, संपादकाने हात आखडू नये. मी एवढंच बघते की प्रकरण सुरू होताना ते दोघं एकमेकांपासून जितक्या अंतरावर होते तितक्याच अंतरावर संपताना आहेत का. असतील तर खुशाल पुढे जा. पण ते वाचल्याशिवाय कळत नाही, आणि "सोड" म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा फक्त लढाया मोजलेल्या असतात.

झाली वेळ. प्रश्न घेऊया, पण जपून विचारा, ताई तिसऱ्या भागावर आहेत.