गुड नाइट, सर

(पडद्यावर: विनिपेग, कॅनडा. शाळा सुटल्याची वेळ.)

ही शाळा अँड्र्यू मायनार्स्कीच्या नावाची. इथल्या महापालिकेच्या एका वॉर्डाचं नावही मायनार्स्की. म्हणजे निवडणुकीच्या दिवसांत हे नाव या भागात गल्लोगल्ली ऐकू येणार. हुतात्म्याचं नाव असं रोजच्या पत्त्यात मुरलं की माणूस मात्र हळूहळू पुसट होत जातो. म्हणून थोडं मागे जाऊ.

नॉर्थ एंड ही रुळांपलीकडची वस्ती. मध्ये रेल्वेचं अवाढव्य यार्ड आणि त्याच्या उत्तरेला पोलंड, युक्रेनहून पोटासाठी आलेली माणसं, ज्यू कुटुंबं. मायनार्स्कींचं घर पोलिश. अँड्र्यूचा जन्म 1916चा. तो सोळा वर्षांचा असताना वडील गेले. घरी भावंडं बरीच, तेव्हा पोरगा चामड्याच्या कामाला लागला. 1941मध्ये तो कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला.

(पडद्यावर: लँकेस्टर विमान, जुनं चित्रण.)

लँकेस्टर, बॉम्ब टाकणारं विमान. चार इंजिनं, सात माणसं. अँड्र्यू, म्हणजे सगळ्यांचा अँडी, विमानाच्या पाठीवरच्या टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या घुमटीत, मशिनगनवर. अगदी शेपटाशी, तशाच काचेच्या टरेटमध्ये एकटा बसलेला पॅट ब्रॉफी. दोघांची गट्टी होती. ब्रॉफी आधी अधिकारी झाला, त्यामुळे दोघांच्या राहण्याच्या जागा वेगळ्या. रात्री निरोप घेताना अँडी मुद्दाम ताठ उभा राहायचा, कडक सॅल्यूट ठोकायचा आणि म्हणायचा, "गुड नाइट, सर."

12 जून 1944. दोस्तांचं सैन्य नॉर्मंडीत उतरून सहा दिवस झालेले. जर्मनांची कुमक अडवायची, म्हणून फ्रान्समधल्या कांब्रेचं रेल्वे यार्ड फोडायचं होतं. यार्डाशेजारी वाढलेला मुलगा दुसरं यार्ड फोडायला निघाला. ही त्यांची तेरावी मोहीम, आणि मध्यरात्रीनंतर तारीखही 13. निघण्यापूर्वी अँडीला गवतात चार पानांचं क्लोव्हर सापडलं. तिकडे तो शुभशकुन. त्याने ते ब्रॉफीला देऊन टाकलं.

लक्ष्याजवळ जर्मन लढाऊ विमानाने गाठलं. डावीकडची दोन्ही इंजिनं बंद पडली, आग लागली. वैमानिकाने उड्या मारायचा हुकूम दिला.

अँडी दाराशी पोचला आणि त्याने मागे वळून पाहिलं. ब्रॉफीचा टरेट आडवा वळलेल्या स्थितीत अडकला होता. तो फिरवणारा तेलाचा दाब इंजिनावर चालायचा, इंजिन तर गेलेलं. हाताने फिरवायचा दांडा होता, तोही ब्रॉफीच्या धडपडीत तुटला.

अँडी आगीतून रांगत मागे गेला. आधी कुऱ्हाडीने, मग नुसत्या हातांनी. काहीच हलेना. त्याचे कपडे पेटले, पॅराशूट पेटलं. ब्रॉफीच हात हलवून सांगत होता, जा, निघ. तोंड ब्रॉफीकडेच ठेवून अँडी पेटत्या भागातून मागे सरकत दाराशी गेला. तिथे उभा राहिला, सॅल्यूट केला. ओठ हलले. त्या आवाजात शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं. ब्रॉफीला ते कळले.

(थोडा वेळ निवेदन नाही.)

खाली गावकऱ्यांनी एक जळता माणूस पडताना पाहिला. तो त्यांना सापडला, पण भाजल्यामुळे वाचला नाही. वय 27.

विमान जमिनीवर आदळलं, आणि त्या तडाख्यात ब्रॉफी बाहेर फेकला गेला. जिवंत. सातांपैकी सहा वाचले. त्या शेवटच्या क्षणांचा साक्षीदार एकच, ज्याला अँडी सोडवू शकला नाही तो. त्याने सांगितलं म्हणून जगाला कळलं. 1946मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. शौर्यपदकं बहुधा फत्ते झालेल्या कामाला मिळतात. हे मिळालं ते न उघडलेल्या दाराला.

(पडद्यावर: हॅमिल्टन, ऑन्टारियो. आकाशात लँकेस्टर.)

आज जगात उडणारी लँकेस्टर दोनच आहेत. त्यांतलं एक हे, मायनार्स्कीच्या विमानाची अक्षरं अंगावर घेऊन उडणारं. लोक माना वर करून इंजिनं मोजतात, फोटो काढतात. आपण जरा थांबू. शेपूट येऊ दे.