गिअरबॉक्स उतरवण्याआधी

(दृश्य: नागपूरचं कळमना मार्केट, सकाळ. संत्र्यांचे ढीग, हमालांची धावपळ.)

मार्चमधली सकाळ. कळमन्याच्या बाजारात मृग बहाराची संत्री उतरत आहेत. काटोलहून आलेली एक पिकअप मात्र गेटच्या अलीकडेच अडली आहे. ड्रायव्हर क्लच पूर्ण दाबतो, गिअर टाकायला जातो, आणि आतून करकर असा आवाज येतो.

"प्लेट गेली," बाजूचा एक जण लगेच सांगून टाकतो.

क्लचनं त्रास दिला की आपल्याकडे तोंडून पहिलं हेच निघतं. आणि एवढ्या बोलण्यावर, प्लेट बघायला म्हणून, गरज नसताना गिअरबॉक्स खाली उतरतात. शेतकऱ्याचा दिवस जातो, माल गाडीतच राहतो, पैसे जातात ते वेगळेच. मला हे बघवत नाही, म्हणून ही फिल्म.

(दृश्य: बाजाराजवळचं गॅरेज. टपरीवजा शेड, भिंतीवर पाने टांगलेले.)

ड्रायव्हरनं गाडी कशीबशी इथवर आणली. इंजिन बंद करून पहिला गिअर टाकायचा आणि गिअरमध्येच स्टार्टर मारायचा, असं करत. मिस्त्री अजून गाडीखाली शिरलेले नाहीत. ते आधी विचारतात.

"बंद गाडीत गिअर पडते का भाऊ?"

"हो, बंद असली का बराबर पडते."

"मंग प्लेटले काऊन दोष देता?"

या प्रश्नात निम्मं निदान झालं. क्लचची कामं दोनच: धरणं आणि सोडणं. पेडल वर असताना प्रेशर प्लेट क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, दाबून धरते आणि इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते. पेडल दाबलं की ही पकड सुटली पाहिजे. धरत नसेल तर क्लच स्लिप मारतो, म्हणजे घसरतो. सोडत नसेल तर गिअर अडतो, करकरतो, आणि बहुतेकदा हे आधी रिव्हर्सला जाणवतं. दोन्ही आजार वेगळे, त्यांची कारणंही वेगळी. या पिकअपचा क्लच सोडत नाही. झिजलेल्या प्लेटचा क्लच सहसा धरत नाही.

(दृश्य: बोनेट उघडं. ऑइलच्या छोट्या डबीवर कॅमेरा.)

मिस्त्री ड्रायव्हरला पेडल भराभर तीन-चार वेळा मारायला सांगतात आणि लगेच गिअर टाकायला लावतात. गिअर पडला! याचा अर्थ पेडलचा दाब खालपर्यंत नीट पोचत नाहीये. या गाडीत केबल नाही, क्लच ऑइलवर चालतो. वर मास्टर सिलिंडर, खाली गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर, मध्ये नळी. कुठे गळती असेल किंवा नळीत हवा शिरली असेल, तर पाय जमिनीला टेकला तरी खालचा दांडा पुरता सरकत नाही.

डबीतलं ऑइल काळपट झालंय आणि पातळी खाली गेलीय. हे नीट ऐका, कारण बरेच जण इथे चुकतात. प्लेट झिजली म्हणून ही पातळी उतरत नाही. उलट प्लेट झिजताना स्लेव्हचा पिस्टन मागे सरकतो, आणि वरची पातळी किंचित चढू शकते. उतरली, तर ऑइल कुठून तरी बाहेर जातंय. नुसतं वरून भरून गाडी पुढे काढणं म्हणजे रस्त्यात अडकायची तयारी.

मिस्त्री खाली जाऊन स्लेव्हचं रबर बोटानं उचलतात. आतून ऑइलची धार हातावर येते. सापडलं.

नवा स्लेव्ह बसतो. झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल पडतं, इंजिन ऑइल चुकूनही नाही, कारण त्यानं आतली रबरं फुगतात. मग हवा काढायची. एक जण पेडलवर, एक जण खाली.

"दाब. धरून ठेव. सोड."

स्लेव्हवरचं हवा सोडायचं निपल बंद झाल्याशिवाय पाय उठवायचा नाही, आणि डबी रिकामी होऊ द्यायची नाही. नळीतून बुडबुडे यायचे थांबले. गिअरबॉक्सला हात न लावता पिकअप बाजाराकडे परत निघाली.

(दृश्य: दुसरी गाडी आत येते. जुनी टॅक्सी.)

या टॅक्सीचं दुखणं उलटं. गिअर लोण्यासारखा पडतो, पण रामझुला पुलाच्या चढावर इंजिन गरजतं आणि गाडी तेवढी उचल घेत नाही. जळका वासही येतो. चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी तोलून धरायची सवय असेल, तर तो वास प्लेटच्या लायनिंगचा, म्हणजे तिच्यावरच्या पकड घेणाऱ्या थराचा असतो.

या गाडीचा क्लच केबलवर चालतो, म्हणून मिस्त्री आधी केबल बघतात. पेडलला सुरुवातीला थोडा मोकळा खेळ हवा. तो नसेल तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि चांगली प्लेटही घसरते. इथे खेळ बरोबर आहे. मग मोकळी सपाट जागा, समोर माणूस नाही, चाकाला ओंडका, हँडब्रेक ओढलेला. तिसरा गिअर, थोडं ॲक्सिलरेटर, आणि क्लच हळूहळू सोडायचा. धरणारा क्लच असेल तर इंजिन बंद पडलंच पाहिजे. इथे ते चालूच राहतं. ही परीक्षा एकदाच करायची, पुन्हा पुन्हा केली तर उरलीसुरली प्लेटही तापून जाते.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. पेडल दाबल्यावर घरघर आली तर संशय रिलीज बेअरिंगवर. न्यूट्रलमध्ये येते आणि पेडल दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग तपासा. उठताना गाडी थरथरत असेल तर प्लेटला तेल लागलेलं असू शकतं, पण इंजिनाचे माउंटिंगही बघून घ्या.

(दृश्य: टॅक्सीचा गिअरबॉक्स खाली. प्लेट हातात.)

इथे मात्र उतरवणं भाग होतं. लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजलंय, आणि एका बाजूला तेलाचा चिकटा आहे. आतली धूळ मिस्त्री हवेनं उडवत नाहीत, ओल्या फडक्यानं पुसतात. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि ती धूळ छातीत जाते. शेडमध्ये हाताखाली पोरं असतात, म्हणून ही काळजी मला फार मोलाची वाटते.

तेल आलंय इंजिनाच्या क्रँकच्या मागच्या सीलमधून. फक्त प्लेट बदलली असती तर नवीही तेलात भिजली असती. सील बदललं, फ्लायव्हील लेथवर साफ करून आणलं, पुरा सेट बसला.

संध्याकाळ. तीच मोकळी जागा. चाकाला ओंडका, हँडब्रेक, तिसरा गिअर. टॅक्सीवाला पेडलवरून पाय हळूहळू उचलतो.

एक हिसका, आणि इंजिन बंद.

"धरला," मिस्त्री म्हणतात, आणि ओंडका काढायला वाकतात.