घुशीचं नाव ऑस्ट्रेलियात

नमस्कार श्रोतेहो.

घूस कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. परसातली भिंत पोखरणारी, मोरीतून येऊन साबणाची वडी पळवणारी. इंग्रजीत तिला बँडिकूट म्हणतात, आणि हा शब्द इंग्रजांचा नाही, तो तेलुगूचा. पंदिकोक्कु. पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कु म्हणजे उंदीर. नाव ठेवणाऱ्यानं नुसता आकार पाहिला नव्हता, कानही दिला होता, कारण कोंडीत सापडलेली घूस खरोखरच डुकरासारखी गुरगुरते. आपली वर्तमानपत्रं हल्ली ‘बँडिकूट रॅट’ छापतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. अहो, घूस हा दोन अक्षरांचा शब्द घरात असताना!

तर शब्द तेलुगू, प्राणी आपली घूस. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज ऑस्ट्रेलियात वस्ती करायला गेले, तेव्हा हा शब्दही त्यांच्याबरोबर गेला. तिथं त्यांना लांब नाकाचा, रात्री जमीन उकरणारा एक लहानसा प्राणी दिसला. झालं, त्यालाही बँडिकूट! खरं तर तो घूसही नाही आणि उंदीरही नाही. तो कांगारूसारखा पोटाला पिशवी असलेला. आणि त्या पिशवीचं तोंड मागच्या बाजूला, म्हणजे उकरताना माती पिल्लांवर उडत नाही.

आता माझी आवडती गोष्ट. हा प्राणी रात्री येतो, नाक खुपसून किडे आणि कंद शोधतो, आणि सकाळी जमिनीवर नुसती छोटी छोटी निमुळती भोकं राहतात. ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी या सवयीवरून चक्क एक क्रियापद केलं. बँडिकूट करणं. म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या शेतातले बटाटे चोरणं, पण झाड न उपटता. डोळ्यांसमोर आणा. अंधारात कुणीतरी बांधावरून आत येतो. सरीत गुडघे टेकतो. झाडाच्या बाजूची माती बोटांनी हळूच सारतो, चाचपून मोठे बटाटे काढून घेतो, आणि माती पुन्हा थापटून सारखी करतो. पाला हलत नाही. झाड उभंच. सकाळी मालक येतो, हिरवंगार शेत पाहतो आणि समाधानानं घरी जातो. पाला आहे, झाड आहे, बटाटे मात्र नाहीत! काढणीच्या दिवशी कुदळ मारली की नुसती माती वर येते. ज्यानं हा शब्द पहिल्यांदा वापरला, त्यानं तो प्राणीही नीट पाहिला असणार आणि असं शेतही. बोलीतला शब्द असा जमिनीतून येतो, म्हणून मला बोलीचं इतकं प्रेम आहे. मुलांच्या बोलीवर लाल शाई फिरवणाऱ्या शिक्षकांनी एकदा याचा विचार करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुढे या शब्दाचा डंखही गेला. आज तिथले बागवाले आपल्याच वाफ्यातले दोन-चार कोवळे बटाटे झाड न उपटता काढतात, त्यालाही बँडिकूट करणं म्हणतात. चोरीचा शब्द घरच्या भाजीवर आला. ‘बँडिकूटसारखा कंगाल’ असाही वाक्प्रचार तिथं आहे.

आणि शब्द दक्षिण भारतात परतला, तोही चांगल्या कामासाठी. २०१८ साली केरळमध्ये मॅनहोल साफ करणारा एक यंत्रमानव आला, त्याचं नाव बँडिकूट. जमिनीखाली उतरायचं ते यंत्रानं, माणूस वर उभा राहून ते चालवतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं कायद्यानं बंद आहे, तरी आपल्या शहरांत माणसं अजून उतरतात आणि गुदमरून मरतात. हे थांबलंच पाहिजे.

मुंगूस हा आपला शब्दही असाच इंग्रजीत गेला आणि तिथं ‘मंगूस’ झाला. त्याच्याबद्दल पुढच्या भाषणात. नमस्कार.