चित्रांच्या पायाशी

नमस्कार, श्रोतेहो!

मुंबईहून निघालेली पंजाब मेल इटारसी सोडून भोपाळच्या वाटेला लागली की विंध्याच्या टेकड्या दिसू लागतात. १९५७ साली याच लोहमार्गावरून जाताना विष्णु श्रीधर वाकणकरांची नजर दूरच्या खडकांवर खिळली. मराठी घरातला हा चित्रकार तिथवर पोहोचला आणि भीमबेटका, आदिमानवाच्या चित्रांच्या गुहांचं ठिकाण, जगापुढे आलं.

तिथली गेरूची हरणं, गवे, नाचणारी माणसं तुम्ही फोटोत पाहिली असतील. मला मात्र चित्रांपेक्षा त्यांच्या पायाशी साठलेल्या मातीचं मोल जास्त वाटतं. भिंत डोळ्यांना सहज चकवते. २०२१ साली इथल्या छतावरच्या एका आकृतीला कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाचा ठसा म्हटलं गेलं. २०२३ मध्ये कळलं, ते मधमाश्यांचं जुनं पोळं होतं!

मातीचं तसं नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनी १९७० च्या दशकात एफ-२३ या गुहेत खणलं. जवळपास चार मीटर थर निघाले. सगळ्यात खाली हातकुऱ्हाडी, म्हणजे मुठीत धरायच्या दगडी कुऱ्हाडी, आणि रुंद, सरळ धारेची दगडी तोडहत्यारं. शिवाय त्या माणसांनी बसण्या-उठण्यासाठी चपटे दगड अंथरलेली जमीन. थांबा, क्षणभर विचार करा. चित्रं काढली जाण्याच्या कितीतरी आधी, हातकुऱ्हाडीच्या काळात, कुणीतरी घरात फरशी घालत होतं! वरच्या थरांत हत्यारं लहान होत जातात. शेवटी बोटाच्या पेरात मावतील अशी सूक्ष्मास्त्रं, म्हणजे इवलीशी दगडी हत्यारं, येतात, आणि त्याच थरांत घासून गुळगुळीत झालेले गेरूचे खडे. भिंतीवरच्या रंगाला काळाशी बांधणारा धागा तो हाच.

अशी माती आपल्याकडेही होती. १९३० च्या दशकात टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याला कांदिवलीत दगडी हत्यारं सापडली. आज तिथे इमारती आहेत. पाया खणताना काय काय निघून भरावात गेलं असेल, या विचाराने जीव तुटतो.

भीमबेटका भोपाळपासून साधारण ४५ किलोमीटरवर आहे. मुलांना घेऊन जरूर जा. चित्रांना हात लावू देऊ नका. गाइड तुम्हाला प्राण्यांच्या चित्रांकडे नेईलच. त्याला उत्खनन झालेली गुहाही दाखवायला सांगा, आणि तिथे जरा वेळ काढून खाली बघा.

नमस्कार.