डोळ्यातून बाहेर पडणाऱ्या वाटा

विषाणूमुळे डोळे आले की पुष्कळदा कानापुढे एक दुखरी गाठ हाताला लागते. लाल डोळ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, या अवधाणाकडे क्वचितच. पापण्यांमध्ये आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणात लसिकावाहिन्यांचं, म्हणजे ऊतींतला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचं, दाट जाळं असतं. ऊतींत साचलेलं पाणी, प्रथिनं, जंतूंचे अंश आणि ते घेऊन निघालेल्या पेशी या वाहिन्यांतून कानापुढच्या आणि जबड्याखालच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचतात. विषाणूशी लढण्याची तयारी तिथे होते, आणि सुजलेली ग्रंथी गाठ म्हणून हाताला लागते. या आवरणाचा कर्करोगही याच वाटेने पसरू शकतो. म्हणूनच तिथे संशयास्पद डाग दिसला, तर डॉक्टर कानापुढचा भाग आणि मान चाचपून पाहतात.

आता पांढऱ्या भागाकडून बुबुळाकडे येऊ. लसिकावाहिन्या कडेपर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. पुढे आहे कॉर्निया: जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीचा, काचेसारखा पारदर्शक पडदा. त्यात रक्तवाहिनी नाही, लसिकावाहिनीही नाही. ही जागा मोकळी राखावी लागते. वाहिन्यांना वाढायला लावणारे रेणू, म्हणजे व्हीईजीएफ, कॉर्नियातच पकडून ठेवणारी प्रथिनं तिथल्या पेशी तयार करत असतात. आपल्याला स्वच्छ दिसतं त्यामागे हा जन्मभराचा पहारा आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

डोळ्यात रसायन गेलं, मोठा जंतुसंसर्ग झाला किंवा हर्पिस विषाणूचा दाह वरचेवर उसळला, की हा पहारा ढासळतो. रक्तवाहिन्या आत शिरतात. त्या डॉक्टरांना तपासणीत दिसतात. त्यांच्या सोबतीने लसिकावाहिन्याही शिरतात, पण आतला द्रव रंगहीन असल्याने त्या नजरेतून सुटतात. पुढे कॉर्निया बदलायची वेळ आली, तर घात होतो तो इथेच. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेकियातल्या ओलोमोउत्स शहरात एडुआर्ड झिर्म या नेत्रतज्ज्ञांनी एका माणसाचा कॉर्निया दुसऱ्याला बसवला आणि तो टिकला. प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं तेव्हा नव्हती. वाहिन्या नसलेल्या डोळ्यात परक्या कॉर्नियाची खबर लसिकाग्रंथींपर्यंत सहजी जात नाही. वाहिन्या वाढलेल्या डोळ्यात ती लवकर जाते आणि शरीर नवा कॉर्निया नाकारू लागतं. उंदरांमध्ये फक्त लसिकावाहिन्यांची वाढ रोखली, तरी बसवलेले कॉर्निया जास्त टिकले.

डोळ्याच्या आत मात्र पाणी सतत तयार होत असतं, मिनिटाला दोन-तीन मायक्रोलिटर. त्याचा बराचसा भाग बुबुळाच्या कडेला असलेल्या एका गोलाकार नळीतून शिरांमध्ये उतरतो. १८३० मध्ये फ्रीडरिश श्लेम यांनी तिचं वर्णन केलं, म्हणून ती श्लेमची नळी. पुढे दीर्घकाळ तिला एक वेगळ्या धाटणीची शीरच समजत. २०१४ मध्ये मात्र वेगवेगळ्या प्रयोगशाळांना तिच्या पेशींत लसिकावाहिन्यांची ओळख असलेली प्रथिनं सापडली. ती वाढू लागते शिरांमधून, आणि नंतर लसिकावाहिनीचे गुण धारण करते. या वाटेला अडथळा वाढला की डोळ्यातला दाब चढतो, आणि चढलेला दाब हे काचबिंदूचं एक मोठं कारण. उंदरांच्या डोळ्यात व्हीईजीएफ-सी हा लसिकावाहिन्या वाढवणारा रेणू सोडल्यावर या नळीला नवे फुटवे आले आणि दाब उतरण्याकडे कल दिसला. काचबिंदूच्या रुग्णांसाठी ही आशेची गोष्ट आहे, पण ती अजून उंदरांपुरतीच आहे.

दृष्टिपटलात लसिकावाहिन्या नाहीत. मग तिथला कचरा जातो कुठे? २०२० मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांत दिसलं, की दृष्टिपटलातलं ॲमिलॉइड बीटा हे प्रथिन द्रवाबरोबर दृष्टिचेतेतून, म्हणजे डोळ्याला मेंदूशी जोडणाऱ्या चेतेतून, मागे वाहत जातं आणि पुढे मेंदूच्या आवरणातल्या लसिकावाहिन्यांपर्यंत पोहोचतं. डोळ्यावर प्रकाश पडून बाहुली आकुंचन पावली की हा प्रवाह वाढतो. चेता डोळ्यातून बाहेर पडते तिथे जाळीदार पडदा असतो आणि त्याच्याभोवतीची बांधणी द्रवाला योग्य वाटेला लावते. काचबिंदू झालेल्या प्राण्यांत तीच बिघडलेली होती, आणि द्रव भलत्याच वाटेने निसटत होता.